ट्रंक लाइन

फुलेवाडीच्या नाक्यापासून सुरू होतो तो रस्ता.
माझ्या स्वयंपाकघरातून दिसतो:
दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढत ट्रॅक्टर येतात,
मागं लाल दिवा नाही, पुढं स्पीकर दणदणीत.
चाळीस वर्षं त्याच्या तोंडाशी राहिले
आणि बाळिंग्याच्या पुलापलीकडं गेले
ती फक्त लग्नांना.

आज टेबलावर कारखान्याचं कॅलेंडर पालथं घातलंय,
त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं घाट.
मेहरुन चष्मा पुसते. "अगं, ही वळणं हायत का शेवया?"
गाडी भाची चालवणार, ऋजुता.
तिच्या फोनमधली बाई सांगते, तीन तास दहा मिनिटं.
आम्ही दोघी हसतो.
मिनिटांचा हिशोब आम्हाला कुणी शिकवू नये.

"तीन मिनिटं झाली. वाढवायचं?"
हे मी जितक्यांदा म्हटलं
तितक्यांदा देवाचं नाव घेतलं नाही.
फोंडा, तळेरे, खारेपाटण, देवगड:
माझ्यासाठी ही भोकं होती,
पितळी कडेची, एका ओळीत, वितीवितीवर.
कुणाचा पोरगा पास झाला, कुणाच्या आंब्याच्या पेट्या सडल्या,
कोण गेलं, कधी आणताय,
सगळं माझ्या मनगटावरून गेलं.
समुद्र पाहिला तो गोव्यात, ऑफिसच्या सहलीत.
बस वीस मिनिटं थांबली होती.

तर, सकाळी सहाला निघायचं.
कळ्याच्या पुढं गुऱ्हाळ लागेल, तिथं काकवी.
रिकामी बाटली घरून.
गगनबावड्याला उतरून खाली बघायचं,
धुकं नसलं तर कोकण दिसतं म्हणे.
मेहरुन म्हणते करूळचा घाट, रुंद आहे.
मी म्हणते भुईबावडा.
"आणि समोरनं एसटी आली म्हणजे?"
सरू की मागं.
मागं सरायला आता कसली घाई आपल्याला?

येताना फोंड्यातनं वर, दाजीपूर, राधानगरी,
पण उजेड असताना.
गवा रस्त्यात उभा राहिला की हॉर्न द्यायचा नाही,
त्याचं बघून होईस्तोवर बसायचं.
ऋजुता हे लिहून घेते. खरंच लिहून घेते.

मग कुणकेश्वर आणि आचऱ्याच्या मधे
मी एक बारका गोल काढते.
"तांबळडेग? हितं काय? देऊळ? किल्ला? खानावळ?"
मी पेन्सिलीला टोक करत बसते.

रात्रपाळी. एक वाजून गेलेला, बोर्डावर एक दिवा नाही.
पलीकडनं देवगड:
"काय गो कोल्लापूर, जेवलंस?"
सनये. तोंड ठाऊक नाही, वय ठाऊक नाही,
खोकला ठाऊक.
लाइन मोकळी असली की रिसीव्हर खिडकीबाहेर धरायचा. "आयक."
लांब कुणीतरी सुपात ज्वारी पाखडतंय,
थांबतंय, पुन्हा पाखडतंय.
पहाटे मी माझा रिसीव्हर खिडकीबाहेर धरायची:
गंगावेशीकडं निघालेल्या म्हशी,
गळ्यातल्या घंटा, मागनं गवळ्याची शिवी.
"शिवी आयकाक इली," म्हणायचा. खूश व्हायचा.

बोर्ड निघाला तो एका शनिवारी.
दोऱ्या पोत्यात भरल्या, पोतं तोलून दिलं.
त्याच्या आदल्या रात्री म्हणाला,
"गाव माझो तांबळडेग. इलंस तर कोणाकय इचार."
मी म्हटलं, तीन मिनिटं झाली.
वाढवायचं का, ते विचारायचं राहिलं.

"समुद्र आहे तिथं," मी म्हणते.
मेहरुन माझ्याकडं बघते.
अकरा वर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेली बाई ती,
एका कानाला हेडफोन, दुसरा माझ्याकडं.
हातातली पेन्सिल काढून घेते,
गोलाशेजारी लिहिते, मुक्काम,
आणि पुढं प्रश्नचिन्ह करून तेही खोडते.

"काकवीला," ती म्हणते,
"बाटल्या दोन घे."